लीलाबाईचं रडू

लीलाबाई रडण्यात कोणाला हार जाणारी नव्हती. लेक माहेरपण आटोपून सासरी निघाली की ही फाटकाशी उभी राहून असा गळा काढायची, की नव्या माणसाला वाटावं घरात काहीतरी अघटित झालं. शेजाऱ्यांची म्हैस मेली तेव्हाही तिनं पदर भिजवला होता, आणि त्या शेजाऱ्यांशी तर शेताच्या धुऱ्याच्या, बांधाच्या वादावरून तिचं बोलणंही बंद होतं. तिचे यजमान विठ्ठलराव चारचौघांत म्हणायचे, "आमच्या घरच्या डोयाले देवानं तोटीच नाही बसवली." लीलाबाई त्यावर हसायची आणि हसता हसताही डोळे पुसायची.

अशी ही बाई. आणि तिची एकुलती एक लेक गेली, त्याला वर्ष व्हायच्या आत तिच्या डोळ्यांतलं पाणी आटलं.

लेक ममता महागावला दिली होती. जावई घनश्यामचं तिथं बी-बियाण्यांचं दुकान होतं. माणूस सरळ, बोलायला मात्र कंजूष. गेल्या आश्विनात ममताला ताप भरला, डेंग्यू निघाला, रक्तातल्या पेशी उतरत गेल्या त्या पुन्हा चढल्याच नाहीत. मागे उर्वशी राहिली, दुधाचे दातही न पडलेली.

तेरवीपर्यंत लीलाबाई रडली, आणि कोणाला त्यात नवल वाटलं नाही. मग रडणं थांबलं आणि त्याहून वाईट सुरू झालं. आर्णीपासून हाकेच्या अंतरावरच्या त्या गावात तिचं घर ऐन रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. ती आता भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. केसांना तेल नाही, अंघोळ कोणी सांगेल तेव्हा. भाकरीचा घास तोंडातच घोळत राहायचा. एकदा ती परसातल्या विहिरीशी इतका वेळ उभी राहिली की विठ्ठलरावांनी दुसऱ्याच दिवशी लोहाराकडून जाळी करून आणली. जवळच्या डॉक्टरांनी जुन्या प्रकारची एक गोळी दिली. त्या गोळीनं तोंडाला कोरड पडे, दिवसभर गुंगी राही, आणि एका सकाळी लीलाबाई चक्कर येऊन न्हाणीत पडली. तेव्हा कुठं विठ्ठलराव तिला यवतमाळला घेऊन गेले, मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंकडे. गावात सांगितलं, बीपी दाखवायला नेतो.

डॉक्टरीणबाईंनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे औषध नव्या प्रकारचं आहे. याची गुंगी कमी, धोकाही कमी. पण लगेच फरक पडणार नाही, काही आठवडे जातील. सुरुवातीला मळमळेल. आणि कितीही बरं वाटलं तरी मला विचारल्याशिवाय बंद करायचं नाही."

विठ्ठलराव कपाशीत जन्म गेलेला माणूस. त्यांना हे काही पटेना. "बाई, आमी फवारा मारतो तं तिसऱ्या दिवशी अळी पडते. नाही पडली तं कंपनी बदलतो."

"हे फवाऱ्यासारखं नाही. खतासारखं समजा. टाकल्या टाकल्या पीक हिरवं होतं का?"

हे मात्र त्यांना पटलं. त्या दिवसापासून सकाळचा चहा झाला की ते पाण्याचा गिलास आणि गोळी घेऊन बायकोसमोर उभे राहायचे. जन्मात त्यांनी तिला पाण्याचा गिलास दिला नव्हता. गोळीनं निदान तेवढं तरी केलं.

आणि गोळी लागू पडली. होळीच्या सुमारास लीलाबाईनं आपणहून चूल सारवली. मग वेणी घातली. मग एक दिवस तिनं शेजारणीच्या कोंबड्यांना शिव्या दिल्या, आणि विठ्ठलराव दारापुढच्या सपरीत बसल्या बसल्या हसले. उन्हाळ्यात घनश्याम उर्वशीला घेऊन आला. त्याच्या घरी पोरीकडं बघायला कोणी नव्हतं, भावजय होती पण तिच्या संसारात तीच बुडालेली.

"आई, तुमची तब्येत चांगली हाये तवर पोरगी इथं राहू द्या," तो लीलाबाईला म्हणाला. "पन तुमी पुन्हा तशा पडल्या, तं मी तिले नेईन. आईचं तेवढं पाह्यलं पोरीनं, आता आजीचं नको."

बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं. लीलाबाईनं मान हलवली. जून लागला तशी उर्वशी गावच्या शाळेत जाऊ लागली. रोज सकाळी तिची वेणी घालताना मानेवरचा उलटा भोवरा हाताला लागायचा, अगदी ममतासारखा. लीलाबाई त्यावर तेल चोपडायची आणि वेणी आवळायची. सगळं नीट चाललं होतं.

ते नीटच तिला खुपू लागलं. एक दिवस ममताची शाळेतली मैत्रीण भेटायला आली. दारातच लीलाबाईच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली. लीलाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि तिच्या लक्षात आलं, आपले डोळे कोरडे आहेत. घसाही दाटलेला नाही. उलट मनात आलं की चहाला दूध आहे का बघावं. ती गेल्यावर लीलाबाईनं कपाट उघडलं, ममतानं शेवटच्या खेपेला विसरलेली साडी काढली, नाकाशी धरली. ममताचा वास अजून होता. तिनं वाट पाहिली. काही झालं नाही. दुःख कुठं गेलं नव्हतं, आतच होतं, पण काचेच्या पलीकडं ठेवल्यासारखं. दिसत होतं, हाताला लागत नव्हतं.

बाईला आपल्या बऱ्या होण्याची लाज वाटली.

त्यात कौसल्याबाई आल्या. या विठ्ठलरावांच्या मोठ्या बहीण, नेरला असतात, आणि रडण्याच्या शास्त्रात त्यांच्या तोडीची बाई तीन तालुक्यांत सापडायची नाही. कोणत्या मयतीला कोण कसं रडलं, कोणाचं रडणं वरवरचं होतं, सगळं त्यांना तोंडपाठ. घरात यंदा सण नव्हता, तरी राखीच्या सुमारास त्या भावाला भेटून जायला आल्या आणि निघताना वहिनीला बाजूला घेतलं.

"वैनी, पोरीचं वर्षश्राद्ध येऊन राह्यलं. सारं गोत येईन. तुमचा चेहरा तं बाप्पा असा टवटवीत झाला. लोकं बोलतात. पहिली रड मायची असते, मायनं गळा नाही काढला तं बाकीच्या कशा रडतीन?"

घनश्यामच्या घरी उठबस करायला कोणी नव्हतं, म्हणून वर्षश्राद्ध लीलाबाईच्याच घरी ठरलं होतं, आणि रीत तशीच होती. वर्षश्राद्धाला आलेली प्रत्येक बाई उंबऱ्यात थांबते. मयताची आई उठून तिच्या गळ्यात पडते, दोघी मेलेल्या माणसाचं नाव घेऊन, त्याच्या आवडीनिवडी आठवून सुरावर रडतात, आणि मगच आलेली बाई पाण्याला हात लावते. जेवणाच्या शेवटी गोड वाढतात. त्या गोड घासानं घराचे सण पुन्हा उघडतात, आणि त्यानंतर मेलेल्याच्या नावानं मोठ्यानं रडायचं नाही, घराला ते मानवत नाही म्हणतात. म्हणजे ममतासाठी मोकळ्या गळ्यानं रडायचा लीलाबाईला हा शेवटचा दिवस होता.

लोकांचं तिनं एवढं मनावर घेतलं नसतं. लोक तर तिच्या म्हशीसाठी रडण्यालाही हसले होते. पण तो एक दिवस ममताचा होता, आणि त्या दिवशी आपण लाकडासारखं बसून राहायचं, ही कल्पना तिला सहन होईना. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. गोळीच्या आधी रडू होतं, गोळीनंतर नाही. पितृपक्ष लागला आणि लीलाबाईनं गोळी जिभेखाली धरून ठेवायला सुरुवात केली. विठ्ठलराव गिलास घेऊन वळले की ती गोठ्यामागं जाऊन थुंकायची. वर्षश्राद्ध झालं की पुन्हा सुरू करू, एवढंच तर आहे, असा तिचा सरळ हिशेब.

पहिल्यांदा डोकं गरगरलं. मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायचं. रात्री भलती स्वप्नं पडायची, दिवसा उर्वशीवर उगाच खेकसणं व्हायचं. लीलाबाईनं ते सगळं दात आवळून काढलं. आणि एका सकाळी वेणी घालताना बोट त्या उलट्या भोवऱ्यावर गेलं, आणि टपकन एक थेंब पोरीच्या मानेवर पडला.

"आजी, तेल कायले सांडून राह्यली?" उर्वशी म्हणाली.

लीलाबाईला एवढा आनंद झाला की ती पोरीला कुशीत घेऊन रडली, हसली, पुन्हा रडली. काच फुटली होती. ममता इतक्या महिन्यांनी हाताला लागली होती.

वर्षश्राद्धाला ती रडली ते गाव अजून सांगतं. ममताला कच्च्या बोरांचा नाद कसा होता, पहिल्यांदा साडी नेसून ती कशी पडली, तापात तिनं उर्वशीचं नाव कसं घेतलं, एकेक आठवण काढून ती येणाऱ्या प्रत्येकीच्या गळ्यात पडली. कौसल्याबाईंचा स्वतःचा आवाज बसला, पण चेहऱ्यावर समाधान होतं. "माय असावी तं अशी," त्या बायांना सांगत होत्या. घनश्याम कोपऱ्यात उभा राहून बघत होता. उर्वशी त्याच्या पायाला बिलगली होती. शेवटी बुंदीचा घास सगळ्यांनी तोंडात घातला आणि रडणं संपलं.

सगळ्यांचं संपलं. लीलाबाईचं संपलं नाही.

पाहुणे गेले, मांडव सुटला, ती रडतच राहिली. दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा गोळी घ्यायचं तिनं ठरवलं होतं. पण ठरवायला जे माणूस लागतं ते तोवर जागेवर राहिलं नव्हतं. विठ्ठलरावांनी हातात दिलेली गोळी उशीखाली जाऊ लागली. कशाला घ्यायची, कोणासाठी, असं तिला वाटे. मग रडणंही सरलं, आणि तिनं पुन्हा भिंतीकडं तोंड केलं. विठ्ठलरावांना वाटलं, वर्षाचं दुःख आहे, ओसरेल. गोळी तर आपण रोज देतोच आहोत.

दिवाळी सरली आणि कापूस फुटला. वेचणीच्या पहिल्या दिवशी घरच्या बाईनं शेतात दहीभात शिंपडून सीतादहीची पूजा करायची आणि मग कापसाला हात लावायचा, हे काम लीलाबाईनं लग्न होऊन आल्यापासून, गेलं दुःखाचं वर्ष सोडलं तर, चुकवलं नव्हतं. त्या दिवशी ती उठली नाही. विठ्ठलराव दहीभाताचं पातेलं घेऊन एकटेच गेले. वेचणाऱ्या बायांनी मान खाली घातली.

दुपारी उर्वशी शाळेतून आली. "आजी, भूक लागली."

"हं," लीलाबाई म्हणाली.

पोरगी थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं पाट ओढला, त्यावर चढून गॅस पेटवला, आणि दूध तापवायला ठेवलं. आजीसाठीही चहा करायचा तिचा विचार होता, हे तिनं नंतर सांगितलं. दूध उतू आलं तेव्हा तिनं पातेलं हातानं धरलं आणि उकळतं दूध मनगटावर सांडलं.

तिची किंकाळी लीलाबाईनं ऐकली. उठायला पाहिजे, हे तिला कळत होतं. पोर भाजली, हेही कळत होतं. पाय उचलत नव्हते. ती भिंतीला हात लावून कशीबशी उभी राहिली, तोवर ज्यांची म्हैस मेली होती त्या घरची सून कुंपण ओलांडून आत आली होती आणि पोरीचा हात पाण्याखाली धरून बसली होती.

संध्याकाळी घनश्याम आला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं पोरीचे कपडे पिशवीत भरले, दप्तर घेतलं. जाताना दारात थांबून म्हणाला, "आई, मी सांगतलं होतं." उर्वशी आजी, आजी करत होती. लीलाबाईनं भिंतीकडून तोंड वळवलं नाही. गाडी सुरू झाल्याचा आवाज तिनं ऐकला, आणि तेवढंच.

विठ्ठलरावांनी वेचणी बायांवर सोडली आणि तिला यवतमाळला नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी कधी बंद केली.

"बंद कुठी केली बाई? मी रोज सोताच्या हातानं देतो," विठ्ठलराव म्हणाले. मग त्यांनी बायकोकडं पाहिलं.

"पितरं लागले तवापासून थुकून राह्यली," लीलाबाई म्हणाली.

"कशासाठी?"

"रडू येत नव्हतं. लेकीचं वर्ष होतं."

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. "या औषधानं होतं काही जणांना असं. दुःख बोथट होतं, त्याच्याबरोबर बाकीचंही होतं. मला सांगितलं असतं तर गोळी कमी केली असती, नाहीतर बदलून दिली असती. अशी एकदम सोडली की आजार उलटतो."

"पोट दुखते, झोप येत नाही, हे सांगता येते बाई. रडू येत नाही हे दवाखान्यात कसं सांगाव? लोकं तं तुमच्याकडे रडू थांबाव म्हनून येतात."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मीच विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

पुन्हा गोळी सुरू झाली, हळूहळू वाढवत, आणि पहिल्याइतकी वाढवायची नाही असं ठरवून. पुन्हा तेच खताचे आठवडे. विठ्ठलराव आता गोळी गिळली की तोंड उघडून दाखवायला सांगत, आणि लीलाबाई शाळेतल्या पोरीसारखी आ करून दाखवी. थंडी वाढली, तूर पिवळी पडली, आणि ती उठली. या वेळी काच नव्हती. कधी डाळ निवडताना डोळे भरून यायचे, दोन थेंब पडायचे आणि आपोआप थांबायचे. डॉक्टरीणबाईंना तिनं हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, हे चांगलं लक्षण आहे.

घर मात्र रिकामं होतं. घनश्यामनं उर्वशीचं नाव महागावच्या शाळेत घातलं होतं, ती त्याच्या भावजयीकडं राहत होती. विठ्ठलरावांनी फोनवर बऱ्याच विनवण्या केल्या, तेव्हा तो तिळसंक्रांतीला पोरीला भेटवून न्यायला तयार झाला. आणि म्हणाला, "आईची तब्येत पाहू, मंग पुढचं पाहू."

संक्रांतीचा दिवस चांगला गेला. लीलाबाईनं तिळाची पोळी केली, पोरीचं बोरन्हाण केलं, वेणी घातली. मनगटावरचा डाग आता गुलाबी झाला होता. लीलाबाईनं त्यावरून बोट फिरवलं आणि तोंड दुसरीकडं केलं. घनश्याम सपरीत बसून सगळं बघत होता. चहा पिताना, तिळगूळ घेताना, बायकोची साडी कपाटात दिसली तेव्हाही तो सासूच्या चेहऱ्याकडं बघत होता. लीलाबाईला ते कळत होतं.

संध्याकाळी निघायची वेळ झाली. लीलाबाईनं पोरीच्या फ्रॉकच्या घेरात बोरं, हरभऱ्याचे घाटे आणि तिळगूळ घातला, ओटी भरल्यासारखा. ती फाटकापर्यंत गेली. तिथंच, जिथं ती ममताला निरोप द्यायची. घनश्यामनं गाडीचं दार उघडलं. आता डोळ्यांत काय येणार, हे तिला ठाऊक होतं. यासाठीच तर तिनं गोळी थुंकली होती. तिनं ओठ दाबले, पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं, आणि हसली.

उर्वशी गाडीत बसली नाही. ती आजीच्या तोंडाकडं बघत होती.

"मम्मी जाये तवा तू इथंच रडे," ती म्हणाली. "मी जाऊन राह्यली तं काहून नाही रडत?"

घनश्याम चाकाकडं बघत असल्यासारखं करत होता. लीलाबाई खाली बसली, पोरीच्या कानाशी तोंड नेलं.

"रडली तं तुले येऊ देत नाहीत, बाई. नाही रडली तं पुन्हा आनतात."

पोरीनं यावर विचार केला. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला होता, तो तिनं दातांत धरला. "मंग मीबी नाही रडत," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

गाडी निघाली. मागच्या काचेतून पोरगी बघत होती, ओठ दातांत धरलेला, डोळे ताणून उघडे ठेवलेले. मोठ्या बाईसारखी. तिनं हातही हलवला नाही, कदाचित हलवला असता तर आवरलं नसतं. गाडी नाल्याच्या पुलावरून वळली, तोवर लीलाबाई हसत उभी होती.

मग ती फाटकाचा खांब धरून खाली बसली आणि रडायला लागली. मोठ्यानं, गळा काढून, ममताच्या वेळी रडायची तशी.

विठ्ठलराव धावत आले. "गोळी घेतली नं व सकायी?"

"घेतली. तुमच्याच समोर घेतली," ती हुंदक्यांतून म्हणाली. "हे बेमारीचं नाही. हे पोरीचं हाये. रडू द्या."

विठ्ठलराव उभे राहिले. पलीकडच्या अंगणात कोणीतरी भांडी घासता घासता थांबलं होतं. रस्त्यानं सायकलवर दोघं येत होते. गावातून महागावला फोन जायला वेळ लागत नाही. त्यांनी फाटक आतून लोटून घेतलं, खांद्यावरचा दुपट्टा दोन्ही हातांनी पसरून धरला, आणि बायको रडत होती तितका वेळ रस्त्याच्या बाजूनं तिच्या आडोशाला उभे राहिले.